नागपूर : शेवटचा दिवस, सहाची गाडी आणि तीन बॅगा

रानजाई

चार दिवसांच्या नागपूर ट्रिपचा वृत्तान्त लिहायला बसले होते, पण पहिले तीन दिवस लिहायचा कंटाळा आला. रामटेक झालं, गोरेवाड्याची सफारी झाली, महालात फिरून झालं. त्यावर इथे आधीच भरपूर धागे आहेत. मला फक्त शेवटच्या सोमवारबद्दल लिहायचंय. तो दिवस ठरवल्यासारखा तासभरसुद्धा गेला नाही, आणि परत आल्यापासून आम्ही तिघी फोनवर त्याच्याबद्दलच बोलतोय.

आम्ही सांगलीच्या हॉस्टेलमधल्या चौघी. एक बँकेत, एक डॉक्टर, मी शाळेत गणित शिकवते आणि चौथी लग्न करून नागपूरला गेली ती तिकडचीच झाली. तिच्या पन्नाशीचं निमित्त काढून आम्ही जानेवारीत तिच्याकडे धडकलो. गाडी संध्याकाळी सहाची, लॉज मात्र दहाला सोडायचं. बॅगा दुपारपर्यंत ठेवू द्या म्हटलं तर काउंटरवरचा अर्ध्या दिवसाचं भाडं मागायला लागला. म्हणजे बॅगा आमच्याच गळ्यात.

बँकवालीने वेळा टाकून यादी केली होती : अजब बंगला, झिरो माईल, फुटाळा तलाव, अंबाझरी तलाव, दीक्षाभूमी, रमण सायन्स सेंटर, आणि शेवटी 'बर्डी खरेदी (४५ मि.)'. बँकेतली माणसं सहलीलासुद्धा टॅली लावतात.

आदल्या रात्री सावजी खाल्लं होतं. डॉक्टरीणबाईंनी 'मला झेपतं' म्हणत काळा रस्सा दोनदा मागवला होता. सकाळी तिचा चेहरा बघून कोणी काही विचारलं नाही. कस्तुरचंद पार्कापाशी पोह्यांच्या गाडीवर नागपूरकरणीने सांगितलं, "भाऊ, हिच्या पोह्यांवर तर्री नको." गाडीवाला पळी हवेत धरून थांबला. "तर्रीबिगर कायचे पोहे जी ताई?" मग त्याने तडजोड म्हणून नुसते हरभरे निथळून घातले, वर कांदा आणि शेव. आमच्या बश्यांमध्ये मात्र पोहे तर्रीत पोहत होते. सकाळी साडेसातला, थंडीत, नाकातून पाणी येईस्तोवर तिखट खाणं म्हणजे काय ते तिथे उभं राहूनच कळतं.

तिथून स्टेशनची क्लोक रूम. तिकीट दाखवायचं आणि बॅगेला कुलूप हवं. दोघींच्या बॅगांना नंबरची कुलुपं होती, माझ्या बॅगेची चेन नुसतीच. बाहेर एका टपरीवर पितळी रंगाचं बोटभर कुलूप मिळालं, तारेत ओवलेल्या दोन चाव्यांसकट. "तू हरवशील," म्हणून दोन्ही चाव्या नागपूरकरणीने आपल्या पर्समध्ये टाकल्या. हे लक्षात ठेवा.

स्टेशनापासून टेकडीचा गणपती पायी जाण्याच्या अंतरावर. पिंपळाखालचा शेंदरी गणपती, वर टेकडीवर किल्ला आणि त्यात लष्कर. शाळेच्या गणवेशातली पोरं, पाठीवर सॅक घेतलेले गाडी पकडायच्या घाईतले लोक, सगळे चपला अर्धवट काढूनच हात जोडत होते.

मग अजब बंगला. १८६३ सालचं संग्रहालय, मला तिथे फार जायचं होतं. फाटक बंद. आतून एक काका आले आणि इतक्या सहानुभूतीने म्हणाले, "आज सोमवार ना ताई." बस्स. चार दिवसांत एकीलाही वार बघायचं सुचलं नव्हतं. बँकवालीने पेन काढून पहिल्या ओळीवर रेघ मारली, दुसरी ओळ वाचली आणि मग अख्खी यादी घडी करून पर्समध्ये ठेवून दिली. तिला मी तीस वर्षं ओळखते, असं करताना पहिल्यांदा पाहिलं.

झिरो माईल जवळच होतं म्हणून गेलो. खांब आणि चार घोडे सगळ्यांनी फोटोत पाहिलेत. मी अडकले बाजूच्या दगडापाशी. त्यावर गावांची मैलांतली अंतरं कोरलीत, हैदराबाद ३१८ मैल वगैरे, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची : १०२०.१७१ फूट. फुटाचा हजारावा भाग! वर्गात मुलांना दोन दशांश स्थळांनंतर थांबा म्हणून ओरडणारी मी तिथे पाच मिनिटं उभी होते. बाकीच्या उन्हात बसून माझी टिंगल करत होत्या.

तेवढ्यात नागपूरकरीण म्हणाली, "चला, मेट्रोत बसू." कुठे जायचंय? "कुठंच नाही." झिरो माईलहून एक स्टेशन सीताबर्डी, तिथे गाडी बदलून लोकमान्य नगरपर्यंत शेवटचं स्टेशन, आणि त्याच मार्गाने परत. डब्यात गर्दी नव्हती. वाटेत एका बाजूला अंबाझरीचं पाणी दिसायला लागतं, बराच वेळ दिसत राहतं, आणि उजेड थेट डब्याच्या छतावर हलतो. तिथे ती सहज म्हणाली, लग्नानंतरचा पहिला मे महिना मी असाच काढला. दुपारी घरात कूलरच्या आवाजात कोणाचं काही ऐकू यायचं नाही, बोलायला ओळखीचं कोणी नाही, 'काहून' म्हणजे का हेसुद्धा माहीत नाही. मग संध्याकाळी सिटी बसमध्ये बसायचं, शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढायचं आणि त्याच बसने परत यायचं. महिनाभर. घरी सांगायची, भाजी आणायला गेले होते. "भाजी कमी आणि वेळ जास्त, सासूबाईंना कळलं असणारच. पण बोलल्या नाहीत कधी."

त्या काळात ती आम्हाला पत्रं लिहायची, आणि त्यांत सगळं छान असायचं.

दीक्षाभूमीवर गेलो ते जेवणाआधी. स्तूप बहुतेक भरीव असतात, हा आतून पोकळ आहे. बाहेर रिक्षांचे हॉर्न आणि आत पाऊल टाकलं की आवाज एकदम खाली बसतो. मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी. आमच्यापुढे एक म्हातारी नातवाला घेऊन उभी होती. तो चुळबुळत होता आणि ती त्याचा हात सोडत नव्हती. आम्ही बराच वेळ बसलो, कोणीच फोन काढला नाही.

मग तिच्या घरी सासूबाईंच्या हातचा गोळाभात, त्याच्यावर वेगळं लिहीन. पाच वाजता संत्रा मार्केट, पाऊण पेटी संत्री, पळत स्टेशन, बॅगा, गाडी. फुटाळा, सायन्स सेंटर, बर्डीची खरेदी, सगळं राहिलं. घरी आल्यावर बॅगेसमोर बसले तेव्हा चाव्या आठवल्या.

बर्डीवाला

मस्त लिहून राहिल्या ताई. वाचता वाचता पोह्याचा वास आला.

किल्ला खालूनच पाहिला तुम्ही, तो लष्कराच्या ताब्यात असल्यानं एरवी बंदच राहते. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, या दिवशी लोकांसाठी उघडते. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज याच टेकड्यांवर भिडले होते. भोसल्यांकडल्या अरबांनी लहान टेकडी घेतली होती, तरी लढाई हातची गेली. जुने लोक सांगतात का शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाच्या दोन गवळी भावांवरून शीतलबद्री आणि त्याचं पुढं सीताबर्डी झालं. आम्ही फक्त बर्डी म्हणतो, सीतेला घरी ठेवतो.

मुठेकाठचा

लेख चांगला आहे. पण नागपुरात चार दिवस? प्रामाणिकपणे विचारतोय, काय बघितलंत इतकं?

काहून_बे

@मुठेकाठचा, अबे भाऊ, त्यायनं तर मेट्रोत बसून कुठंच न जाणं पाहिलं. तू ये, तुले मे महिन्यात बोलावतो. २३ मे २०१३ ले ४७.९ होतं पाऱ्यावर. चार दिवस नुसतं ऊन पाहात बसशीन.

मुठेकाठचा

आमंत्रणाबद्दल आभार. डिसेंबरचं बघू.

काहून_बे

डिसेंबरात अधिवेशन राहते. आमदार जाऊ दे, मग ये.

लेव्हल_मशीन

सर्वेक्षणात नोकरी झाली, त्यामुळे दगडाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लोक खांबापाशी फोटो काढतात आणि दगडाकडे पाठ करतात. रानजाईताईंनी उलट केलं, म्हणून बरं वाटलं.

तो दगड १९०७ चा, ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेचा, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या हिंदुस्थानच्या मोजणीचा. उंची अशी ठरते : किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या दीर्घ नोंदी ठेवून सरासरी समुद्रसपाटी काढायची, मग तिथून दुर्बीण आणि पट्टी घेऊन टप्प्याटप्प्याने आत यायचं. एका पट्टीवरचा आकडा वाचायचा, दुर्बीण पुढे न्यायची, पुन्हा वाचायचा. प्रत्येक टप्प्याला केसभर चूक झाली तरी नागपूरला पोचेपर्यंत तिचा दोर होतो. म्हणून ते तीन दशांश. मिरवायला कोरलेले नाहीत, ती त्या लोकांची सही आहे. मीटरमध्ये साधारण ३१०.९५.

राहिला झिरो माईल म्हणजे 'भारताचा मध्यबिंदू' हा दावा. तो आपला लाडका समज आहे. तेव्हाचा हिंदुस्थान वेगळा, आजचा नकाशा वेगळा, आणि मध्य काढायच्या रीतीही एकाहून जास्त. उंचीचा दगड आहे, त्याला उंचीचाच मान द्यावा.

काहून_बे

काका, एवढं नका ना करू. रिक्षावाले काय सांगतीन मग पाहुण्यायले?

रानजाई

@लेव्हल_मशीन, 'केसभर चुकीचा दोर' उद्याच आठवीच्या वर्गात वापरणार. तुमच्या नावाने (म्हणजे आयडीने).

आणि गणितवाल्यांसाठी आणखी एक : वर्धा रोडवर खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो असा जो दुमजली पूल आहे त्याची लांबी ३.१४ किलोमीटर. मुद्दाम केलं नसणार, पण मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

गडचढे

सगळं ठीक, पण शेवटच्या दिवशी गाडी सहाची असेल तर रामटेक आरामात होतं. जेमतेम पन्नास किलोमीटर. सकाळी सातला निघायचं, गड चढायचा, दोनला परत. उगाच मेट्रोत चकरा मारून दिवस घालवण्यापेक्षा बरं.

तिकीट_वेटिंग

@गडचढे, आम्ही नेमकं हेच केलं होतं. निघायला सातचे आठ झाले. गडावर एका माकडाने मेव्हण्याचा चष्मा पळवला, फुटाण्यांच्या बदल्यात तो परत मिळेपर्यंत पाऊण तास. मग 'आलोच आहोत तर खिंडसी तलावावर जाऊ'. परत येताना जाम. प्लॅटफॉर्मवर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसला, त्याच्यावरचा पिवळा एक्स अजून डोळ्यांसमोर आहे. पाच जणांची नवीन तिकिटं, तीही मिळतील त्या गाडीची.

रामटेक पहिल्या दिवशी करा. ज्या जागेहून परत येणं आपल्या हातात नाही, तिथे शेवटच्या दिवशी जायचं नाही.

गडचढे

चष्मा पिशवीत ठेवायचा असतो. असो. कालिदासाचा रामगिरी तो हाच, हे वा. वि. मिराशींनी नागपुरात बसूनच मांडलं. तिथे घाईत जाऊ नये एवढं मान्य.

तिकीट_वेटिंग

स्टेशनवर लवकर पोचणाऱ्यांसाठी : आत शिरायच्या आधी रस्त्याच्या पलीकडून इमारत नीट बघा. १९२५ ची आहे, सावनेरच्या वालुकाश्माची, उन्हं उतरली की तिचा रंग बदलतो. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मार्ग इथे एकमेकांना छेदतात, तोच तो प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग. लहान मुलं बरोबर असतील तर मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम आहे. जुन्या छोट्या गाड्या बघायला मिळतात.

(आणि मेट्रोचं 'नागपूर रेल्वे स्टेशन' असं वेगळं स्टेशन आहे. रिक्षाशी घासाघीस नको असेल तर तेच बरं.)

वैनगंगा

एरवी फक्त वाचते. दीक्षाभूमीचा परिच्छेद वाचून लिहावंसं वाटलं.

माझी आजी पवनीजवळच्या गावची. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती तिथे होती, काखेत माझी मोठी आत्या. घरात पांढरं लुगडं नव्हतं, म्हणून शेजारणीचं आणलं. भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा बांधून अर्धी वाट पायी, अर्धी वाट गाडीने. तेव्हा स्तूप कुठला, नुसतं मैदान आणि जिकडे नजर जाईल तिकडे पांढरं. बाबासाहेब तिला लांबून टाचणीएवढे दिसले. आवाज मात्र कर्ण्यातून नीट आला, हे ती दरवेळी सांगायची. लुगडं परत करायला गेली तर शेजारीण म्हणाली, ठेव तुलाच.

स्तूपाचं उद्घाटन डिसेंबर २००१ मध्ये झालं. आजी तेव्हा थकली होती तरी तिला नेलं. आत जाऊन तिने वर घुमटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याशा जागेत कसं मावलो आम्ही?" तिला आम्ही समजावत बसलो नाही.

पुढच्या वेळी गेलात तर आवारात बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत, त्या वाचा. दसऱ्याच्या आसपास गेलात तर बसायला जागा मिळणार नाही, पण पुस्तकांचे स्टॉल बघाच.

रानजाई

@वैनगंगा, हे तुम्ही लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. ती नातवाचा हात न सोडणारी म्हातारी आता मला वेगळी दिसतेय.

पाटवडी

सगळं वाचलं, गोळाभात कुठाय?

रानजाई

हो हो. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा, अगदी पीठ नाही. त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग, ओवा आणि बरंचसं तेल. भिजवून मुठीत दाबून लिंबाएवढे गोळे. भात अर्धा शिजत आला की गोळे त्याच्यात खुपसायचे, झाकण. वाढताना गोळा भातात कुस्करायचा आणि वरून फोडणी. आता ही फोडणी म्हणजे आपण घालतो तशी चमचाभर नव्हे. कढल्यात तेल, मोहरी, हिंग, लाल मिरच्या, आणि सासूबाई प्रत्येकीच्या पानाशी येऊन ओततात. "पुरे" म्हटलं तर हात थांबतो, एक क्षण, आणि पुन्हा ओततो. डॉक्टरीणबाईंना दहीभात द्यायचं ठरलं होतं. तिने वास घेतला आणि पान पुढे केलं. कोणी काही बोललं नाही, सकाळसारखंच.

निघताना सासूबाईंनी डब्यात पुडाच्या वड्या दिल्या, म्हणजे सांबारवड्या. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे न कळल्यामुळे बँकवालीने पहिल्या दिवशी वडीबरोबर सांबाराची वाटी मागितली होती. ते घर आता हे विसरणार नाही.

आंबिया_बहार

काटोलकडचा आहे, घरची बाग आहे, म्हणून संत्र्यावर बोलायचा हक्क बजावतो.

जानेवारीत तुम्हाला आंबिया बहाराचा (हिवाळी फुलोऱ्याच्या फळांचा) शेवट मिळाला असंन. मृग बहार (पावसाळी फुलोऱ्याची फळं) फेब्रुवारी-मार्चात येते. प्रवासाला घ्यायचं फळ हातात घेऊन दाबून पाहायचं. साल फुगून सुटलेली, आत पोकळ लागणारी संत्री घरी खायला ठीक, पेटीत दबून फुटते. जरा घट्ट आणि थोडी हिरवट घ्या. केशरी रंग म्हणजेच गोडी असं काही नाही, हिरवट फळही गोड निघते. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवू नका, घाम येऊन बुरशी लागते. पेटीत गवत टाकतात ते उगाच नाही टाकत.

रानजाई

@आंबिया_बहार, हे चार दिवस आधी हवं होतं. आम्ही अगदी केशरी, मऊ, फुगलेली निवडली आणि विकणारा "ताई, ही घ्या" म्हणून घट्ट दाखवत होता तर बँकवालीला वाटलं फसवतोय. मनमाड यायच्या कितीतरी आधीच सीटखालून रस यायला लागला. समोरच्या बर्थवरच्या काकांनी जुना टॉवेल दिला. मग फुटलेली सगळी त्या डब्यातच वाटून टाकली. रात्री अकरा वाजता आठ अनोळखी माणसं संत्री सोलत बसली होती.

मुठेकाठचा

बॅगेचं काय झालं पण?

रानजाई

अजून बंद आहे. आत माझा चष्म्याचा दुसरा जोड आणि आठवीचे तपासलेले पेपर. नवरा पक्कड घेऊन उभा आहे, मी तोडू देत नाहीये.

फल्लीवाली

नमस्कार मंडळी. मी ती नागपूरकरीण. हिनं लिंक पाठवली म्हणून आयडी काढला.

पहिली गोष्ट, भाजी आणायला जायची तेव्हा मी खरंच भाजी आणत होती. मेथी. एक जुडी.

दुसरी, चाव्या माझ्या पर्समध्येच आहेत, तारेसकट. कुरियर करणार नाही, हरवतात. न्यायला या.

तिसरी, तो स्टीलचा डबा सासूबाईंचा आहे, झाकणावर नाव कोरलेलं आहे, पाहून घे. पुढच्या पंगतीआधी पाहिजे म्हणतात. आणि रिकामा डबा परत करायचा नसतो हे मी तुला सांगायला नको.

रानजाई

डबा धुऊन ओट्यावरच ठेवलाय गं. काय भरून आणू त्यात?

फल्लीवाली

विचारते. सध्या झोपल्या आहेत.